बारा महिने, तीन दिवस

या देशाचा नागरिक व्हायला काय काय लागतं, हे मला माझ्या कुंडलीपेक्षा जास्त पाठ आहे. मला स्वतःला कोणी कधी काही विचारलं नाही. मी इथे जन्मले, झालं. पण माझ्या भावजयीसाठी ती सगळी यादी मी एका आखीव कागदावर फळ्यावरच्या अक्षरात उतरवून काढली होती आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी खिळ्याला टोचून ठेवली होती. बारा वर्षांचं वास्तव्य. चांगली वर्तणूक, आणि त्यासाठी दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं. राज्यघटनेत नोंदलेल्या भाषांपैकी एका भाषेचं पुरेसं ज्ञान. अर्जाच्या आधीचे शेवटचे बारा महिने देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी, मंजुरीच्या टप्प्यावर, आधीचा देश सोडून द्यायचा. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई मी. यादी करायची म्हटली की मला हुरूप येतो. त्या कागदाला मी वर शीर्षक दिलं होतं आणि त्याखाली लाल शाईने रेघ मारली होती.

मूळ कागद इंग्रजीत होता, चांगला सात-आठ पानांचा. मी शब्दकोश घेऊन दोन दुपारी बसले आणि आमच्यापुरतं मराठी केलं. एक ओळ तेवढी गाळली. कुठली ते पुढे येईल. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीच्या काठी. माझा धाकटा भाऊ मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता. त्याच जहाजावर कपडे धुण्याच्या विभागात काम करणारी फिलिपिन्सची मुलगी त्याने एका मे महिन्यात लग्न करूनच घरी आणली. अख्खं गाव दोन दिवस येऊन बघून गेलं. मी तोंड वाकडं करून होते, कबूल करते. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर ही बया आमच्या आडाळ्यावर पाय दुमडून बसलेली आणि भराभर नारळ खवते आहे. आडाळो म्हणजे लाकडी बसकं, पुढे दातेरी पातं. मुंबईहून आलेल्या सुना त्याच्यावर बसायला घाबरतात. हिने हातवारे करून सांगितलं की तिच्या माहेरी अगदी असंच आहे, आणि तिची आई सूर्य वर यायच्या आत दहा नारळ खवते. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी बेटावर एक बाई आहे आणि ती सकाळी उठून माझ्यासारखंच काम करते.

भाषा ती माझ्याकडून शिकली नाही. मी वह्या आणल्या, बाराखडी गिरवून घेतली, पण बोलायला ती शिकली बंदरावर, मासळीच्या लिलावात, शेजारच्या मासेविकणीच्या पाठीमागे उभी राहून. वर्षभरात ती अशी मालवणी बोलायला लागली की मला भांडणात हरवायची. भाऊ वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात आम्ही दोघीच. दुपारी जेवणं झाली की पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, चटई टाकून पडायचं, माडांच्या सावल्या अंगावरून सरकत जायच्या, मध्येच कोणीतरी एक वाक्य बोलायचं आणि दुसरीला डोळा लागायचा. जागं झाल्यावर त्या वाक्याचं उत्तर द्यायचं. अशी किती वर्षं गेली ती मला धड मोजता येत नाहीत. कागदावर मात्र ती मोजलेली आहेत.

नवरा हयात असता तर नागरिकत्वाची वाट जवळची होती. भाऊ दर सुट्टीत म्हणायचा, करूया, पुढच्या खेपेक करूया. आणि अशाच एका सुट्टीत, जेवून हात धुता धुता, तो गेला. मूल नव्हतं. बाराव्यानंतर माणसं माझ्यासमोरच बोलायला लागली की आता ती जाईल, तिला इथे काय आहे. तिच्या आईचाही फोन येत होता. मी काहीच विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. महिन्याभराने तिने आपणहून सांगितलं की तिला इथेच राहायचं आहे, दरवर्षी परवान्यासाठी रांगेत उभं राहून नव्हे, हक्काने. मला इतका आनंद झाला की मी उठून मागच्या दारी गेले आणि उगाचच फणसाकडे बघत उभी राहिले.

मग आमची कागदपत्रांची वर्षं सुरू झाली. वर्तणुकीचं प्रतिज्ञापत्र द्यायला शेजारची मासेविकीण तयार झाली. वकिलासमोर तिने सांगितलं की बाई चांगली आहे, फक्त घासाघीस फार करते, तर तेही लिहा. ते लिहिलं नाही. भाषेच्या दाखल्यासाठी माझ्याच जुन्या शाळेत परीक्षा झाली. हेडमास्तर घाटावरचे. त्यांनी निबंध लिहायला दिला आणि मग तोंडी प्रश्न विचारले. निबंध त्यांना पसंत पडला. तोंडी उत्तरांतलं त्यांना निम्मंच कळलं, पण ते म्हणाले की या गावात माझं रोज असंच होतं, आणि सही करून दिली.

राहिले शेवटचे बारा महिने. पहिल्या दिवसापासून मी कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला लागले. आणि त्याच वर्षी तिच्या आईला श्वासाचा त्रास सुरू झाला. आई भावजयीच्या धाकट्या बहिणीकडे होती, औषधपाणी चाललं होतं, पण अंथरूण धरलं होतं. आमच्याकडे फोनची रेंज फक्त चिंचेखाली येते. रोज चार वाजता भावजय चिंचेखाली उभी असायची. कधी मला बोलवायची. आई फोनमधून माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे बघायचे. मी तिला ताजे बांगडे दाखवायचे, ती मान हलवायची. एक शब्द ती दर वेळी मुलीला विचारायची, आणि तो शब्द ऐकून ऐकून मलाही कळायला लागला. कधी येतेस.

कार्तिक संपता संपता गावपळण आली. आमच्याकडे तीन-चार वर्षांनी एकदा देवाची आज्ञा होते आणि सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री घरदार सोडून वेशीबाहेर जातं. सगळं म्हणजे सगळं. गुरं, कोंबड्या, मांजरं, खाटेवरची म्हातारी माणसं, मशिदीजवळची घरं, क्रुसाजवळच्या वाडीतली माणसं, सगळी. मागे राहतो तो देव, आणि त्याच्यासोबत आणखी कोण फिरतं ते आम्ही मोठ्याने बोलत नाही. निघण्याआधी देवळासमोर गाऱ्हाणं होतं. गुरव देवाला एकेक गोष्ट सांगत जातो, गुराढोरांना सांभाळ, लेकराबाळांना सांभाळ, आणि प्रत्येक मागणीला जमलेली माणसं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. भावजय पहिल्या गावपळणीपासून मोठ्या आवाजात म्हणते. मग ढोल वाजतो आणि शेवटचं माणूस निघतं.

आमची वाडी खाडी ओलांडून पलीकडच्या गावाच्या हद्दीत झोपड्या घालते. झावळ्या विणायचं काम भावजयीकडे असतं, तिची वीण आमच्यापेक्षा घट्ट. त्या तीन दिवसांचं मला सलग काही सांगता येत नाही. आठवतं ते तुकड्यातुकड्याने. झोपडीच्या फटींतून येणारं ऊन अंगावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेलं. कोणाच्यातरी कोंबडीने माझ्या उशाशी घातलेलं अंडं. ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, वेचणाऱ्या बायका आणि त्यांच्या फुगड्या. आणि समोर, पाण्यापलीकडे, आमचं गाव. चुलीचा धूर नाही, कुत्र्याचा आवाज नाही, दुपारच्या उन्हात सगळी कौलं नुसती तापत पडलेली. मला आमच्या घराचं छप्पर दोन माडांच्या मधून दिसत होतं आणि ते कोणा दुसऱ्याचं असावं असं वाटत होतं. बघता बघता डोळा लागायचा, उघडला की पुन्हा तेच. त्या तीन दिवसांत माणूस इथला नसतो आणि तिथलाही नसतो. मला ते फार आवडतं. एरवी मी बारीकसारीक गोष्टींवरून चिडणारी बाई, पण गावपळणीत मी कोणावर ओरडल्याचं कोणाला आठवणार नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तिचा फोन वाजला. त्या काठावर रेंज चांगली येते, आईचा चेहरा स्वच्छ दिसत होता. नाकात नळी होती. तिने झोपड्या बघितल्या आणि हसून काहीतरी म्हणाली. त्यांच्याकडे वादळं फार, म्हणून ती विचारत होती की तुमचं घर वाऱ्याने नेलं का. भावजय खूप हसली. मग आईने तो नेहमीचा शब्द विचारला आणि भावजयीने काहीतरी लांबलचक उत्तर दिलं.

फोन ठेवून ती पाण्याच्या काठावर येऊन बसली. मग विचारलं की उद्या कौल झाला नाही तर काय करायचं. चौथ्या दिवशी सकाळी गुरव देवाला कौल लावतो. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवून विचारायचं की आम्ही परत येऊ का. उजवीकडची पडली तर या, डावीकडची पडली तर रवा, म्हणजे थांबा. मी म्हटलं, नाही झाला तर आणखी एक दिवस राहायचं. ती म्हणाली की परत जायचं हे सगळ्यांना माहीतच आहे, घरं तिकडे, शेतं तिकडे, दुसरीकडे जाणार कुठे, मग विचारायचं कशाला. मी म्हटलं, रीत आहे ती. माझी उत्तरं अशीच असतात, मास्तरणीची. तिने मान हलवली. हातातल्या काटकीने वाळूत रेघा ओढत राहिली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाय, म्हयनोभर आवशीक बघून इलंय, तर चलात काय?" आवस म्हणजे आई.

आता ती ओळ सांगते. बारा महिन्यांच्या अटीखाली लहान अक्षरांत लिहिलं होतं की काही खास कारण असेल आणि ते लेखी नोंदवलं असेल, तर तीस दिवसांपर्यंतचा खंड माफ होऊ शकतो. मी ती ओळ दोनदा वाचली होती. शब्दकोशात शब्द बघितले होते. मला ती नीट कळली होती. आणि मराठी कागद लिहिताना मी स्वतःशी म्हटलं होतं की असल्या सवलती मोठ्या लोकांसाठी असतात, आपण कशाला त्या भानगडीत पडा. हे खोटं होतं. खरं असं की आईशी स्वतःच्या भाषेत बोलताना तिचा आवाज बदलायचा. हलका व्हायचा, लहान मुलीचा व्हायचा. एकदा तिकडे पोचली की ती पुन्हा आईची मुलगी होईल, आणि आईची मुलगी झाल्यावर साठी उलटलेल्या नणंदेकडे कोण परत येतं? मला भीती वाटत होती. एवढंच होतं ते.

मी म्हटलं, "नाय गो. एक दिवस पण चलाचो नाय."

"बरां," ती म्हणाली, आणि उठून कोंबड्या झाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी कौल उजवा झाला. सगळे होड्यांतून परतलो. घराचं दार उघडलं तर आत बंद हवेचा आणि खोबऱ्याचा वास होता आणि अंगणात पानांचा खच. तिने चूल पेटवली, मी झाडलं. सगळं पूर्ववत झालं.

शिमग्याच्या आधी आठ दिवस तिची आई गेली. दुपारची वेळ होती. भावजय चिंचेखाली फोन धरून उभी राहिली, तिकडचं सगळं तिला फोनवर दिसत होतं, आईला सजवलं, गाणी म्हटली, उचलली. शेजारच्या मासेविकणीने खुर्ची आणून ठेवली, पण ती बसली नाही. दोन-अडीच तास उभीच होती. मग घरी येऊन आडाळ्यावर बसली आणि नारळ खवायला घेतला. खोबरं संपून करवंटी खरवडल्याचा आवाज यायला लागला तरी ती थांबेना. मी दारात उभी. पुढे होऊन मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं की म्हातारी सुटली बिचारी. दुसऱ्या कोणाच्या तोंडून असलं वाक्य ऐकलं असतं तर मी त्याला घरातून काढला असता. ती ओळ त्या क्षणी सांगायला हवी होती. नाही सांगितली. मी कोपऱ्यात बसून तांदूळ निवडले, निवडलेलेच.

जूनमध्ये बारा महिने पुरे झाले. अर्ज संगणकावर भरायचा होता, म्हणून मालवणच्या एका दुकानात गेलो. माहिती मी सांगायची, इंग्रजीत टाइप ती करायची. वास्तव्यात खंड पडला असल्यास तपशील द्या, असा एक रकाना आला. मी चष्मा लावून बोटांवर मोजलं आणि सांगितलं, लिही, तीन दिवस, ग्रामदेवतेच्या आज्ञेने गावाच्या हद्दीबाहेर. ती म्हणाली, हे लिहायलाच हवं? मी म्हटलं, सरकारी कागदावर खोटं चालत नाही. एवढी मोठी गोष्ट पोटात दडवून मी तीन दिवसांचा खरेपणा मिरवत होते. गंमत म्हणजे दुकानदारालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. तोही आमच्यासारख्याच गावातला. त्याने फक्त आठवण केली की रात्रीही तीन होत्या, त्याही टाका. टाकल्या.

दोन महिन्यांनी पत्र आलं. अर्जदाराने समक्ष हजर राहून तीन दिवस व तीन रात्रींच्या खंडाचा खुलासा करावा. मला वाटलं, संपलं. माझ्या मूर्खपणाने तिची वर्षानुवर्षं पाण्यात गेली. मी दोन पानी खुलासा लिहिला, गावपळणीची परंपरा, तिचं महत्त्व, उपसंहारासकट. ओरोसच्या जिल्हा कचेरीला जाताना बसमध्ये तो तीनदा वाचून दाखवला. भावजय खिडकीतून काजूच्या बागा बघत होती.

अधिकारी बाई तरुण होत्या, घाटावरून नव्याने आलेल्या. त्यांनी माझा खुलासा बाजूला ठेवला आणि भावजयीलाच विचारलं की त्या तीन दिवसांत तुम्ही गावात का नव्हता. भावजय कचेरीत नेहमी जपून प्रमाण मराठी बोलते, मीच तसं शिकवलंय. पण त्या दिवशी ती सरळ म्हणाली, "गाव थंय नव्हतो, मॅडम. गाव खाडयेच्या पलतडीक होतो. जंय गाव होतो, थंय मी होतंय."

बाईंनी ते मनाशी जुळवून घेतलं असावं. मग त्या हसल्या, मनापासून. म्हणाल्या की हा रकाना परदेशप्रवासासाठी आहे, खाडी ओलांडली म्हणजे देश सोडला असं होत नाही. त्यांनी शेरा लिहिला, फाईल मिटली. आणि आम्ही उठता उठता माझा उतरलेला चेहरा बघून, मला धीर द्यावा म्हणून म्हणाल्या, "एवढं घाबरायचं नाही हो. अगदी परदेशी गेल्या असत्या, तरी आजारपण, मृत्यू अशा कारणासाठी तीस दिवसांपर्यंत सूट मिळते."

वर पंखा फिरत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. भावजय प्रमाण मराठीत धन्यवाद म्हणाली आणि माझा हात धरून मला बाहेर घेऊन आली. कसालला बस बदलायची होती. तिथे तिने विचारलं, कोकम सरबत पितेस का. मी हो म्हटलं. सरबत संपलं, बस आली, आम्ही घरी आलो, आणि त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

त्यानंतर आणखी दीड वर्ष गेलं. मी किती वेळा सांगायला तोंड उघडलं आणि मीठ माग, सुरी माग, असलं काहीतरी बोलून मिटलं. ती पहिल्यासारखीच वागत होती, तेच मला सोसत नव्हतं. दुपारी चटईवर पडलं की मला स्वप्न पडायचं. खाडीच्या दोन्ही काठांवर कोणी नाही, आणि मधल्या होडीत तिची आई बसलेली, मला तो नेहमीचा शब्द विचारते आहे. जाग आली की शेजारी भावजय घोरत असायची. मग मंजुरीचं पत्र आलं. जुना पासपोर्ट परत पाठवायचा होता. लखोट्यात घालण्याआधी ती तो दिवसभर कमरेला खोचून घरात वावरली.

शपथ जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. तिने इस्त्रीची नऊवारी नेसायचा हट्ट धरला होता, तो मी मोडून काढला. साधी सुती साडी नेसली. हातातला कागद बघून तिने शपथ वाचली, संविधानाशी निष्ठा, कायद्याचं पालन, कर्तव्यांचं पालन, एकेक शब्द सुटा, मी शिकवला तसा. शेवटचं वाक्य संपलं आणि खोलीत शांतता झाली. तेवढ्यात मागून माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "व्हय म्हाराजा." सगळ्यांनी वळून बघितलं. भावजय हसू दाबत होती.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. तिने साडी बदलली, स्वयंपाकघरात गेली आणि खिळ्यावरचा तो माझा कागद काढला. धुराने पिवळा पडला होता. खालपर्यंत वाचला.

"हेच्यात एक ओळ कमी आसा, बाय," ती म्हणाली.

मग मात्र मी सगळं सांगितलं. की मी ती वाचली होती, मला ती कळली होती, झोपडीत तू विचारलंस तेव्हा मला ती आठवत होती, तू जाशील म्हणून मी खोटं बोलले, तुझी आई तुझी वाट बघत गेली ती माझ्यामुळे. मी रडत होते. त्या रडण्याचा मला रागही येत होता, कारण रडायचा हक्क तिचा होता.

तिने ऐकून घेतलं. मग कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "माका म्हायत होतां. कागद इंग्लिशीत होतो. तो मी तुझ्या आदीच वाचलेलो."

जहाजावर दहा वर्षं इंग्रजीत काम केलेली बाई ती, आणि मी शब्दकोश घेऊन तिच्यासाठी मराठी करत बसले होते. मी कसंबसं विचारलं, "मगे माका कित्याक इचारलंस?"

तिने आडाळो पुढे ओढला, बसली, नारळ फोडला. पाणी भांड्यात धरून माझ्यापुढे सरकवलं.

"कौल कित्याक लावतत?" ती म्हणाली. "थंय गेलंय असतंय, तर परत येवक माझो पाय उठलो नसतो. माका रव म्हणणारा कोणीतरी होयां होतां. तू म्हटलंस."

मी ते पाणी प्यायले. बाहेर चिंचेखाली कोणीतरी फोनवर मोठ्याने बोलत होतं.

"आवशीचा दुःख आसा," नारळाची वाटी उचलत ती म्हणाली. "तां रवतलां."

आणि तिने खवायला सुरुवात केली. मी समोर बसून ताट धरलं.